येणारं डिझेल मोजलं, परत जाणारं कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पैठणला माझं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान आहे. चौतीस वर्षं झाली. ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं, लग्नसराईतले जनरेटर हे माझं नेहमीचं गिऱ्हाईक. नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, चालणारी बोट वर्षातून एखाद-दुसरी येते. तशाच एका बोटीचं सांगायचं आहे, कारण तिच्यावरच्या माणसाचा बारा दिवसांचा पगार एका मीटरपायी अडकला आहे.

नाथषष्ठीच्या आदल्या आठवड्यात तो दुकानात आला. धरणाच्या पाण्यात एक काम चालू आहे, तिथे माणसं आणि सामान ने-आण करणारी बोट तो चालवतो. इंजिन बोटीच्या पोटात, चार सिलिंडरचं. डिझेलचा हिशोब लागावा म्हणून मालकाने इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर मीटर बसवून घेतलं होतं. महिनाअखेर झाली. पंपावरून उचललेलं डिझेल २१० लिटर, मीटरवरचा आकडा ७००. हिशोबनिसाने त्याला समोर बसवून विचारलं, "बाकीचं चारशे नव्वद लिटर कुठून आणलं?" आणि उत्तरही स्वतःच दिलं. म्हणे रात्री मासेवाल्यांच्या खेपा मारल्या, त्यांच्याच डिझेलवर. पगार थांबवला.

"मामा, मीटर खोटं बोलू राहिलं का मी, तेवढं सांगा," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

दोघंही खरंच बोलत होते. डिझेल इंजिनाला फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप, जेवढं डिझेल पुरवतो, तेवढं सगळं ते जाळत नाही. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला ते दाबाने पाठवणाऱ्या मुख्य पंपाची पोकळी कायम भरलेली राहावी, आत आलेली हवा निघून जावी, पंप-नोझल थंड राहावेत म्हणून डिझेल जास्तीचं पाठवतात. उरलेलं ओव्हरफ्लोच्या नळीने टाकीत परत येतं. या बोटीत तासाला साधारण २० लिटर जात होतं आणि १४ लिटर परत येत होतं. जळत होतं ६. बोट महिन्यात ३५ तास चालली. पस्तीस सक दोनशे दहा, पस्तीस वीस सातशे. मीटरने जाणारं मोजलं, परत येणारं मोजायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेच डिझेल टाकी-इंजिन-टाकी असं घिरट्या घालत होतं आणि दर फेरीला नव्याने मोजलं जात होतं.

हे विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला एवढं जाणवत नाही. टाकी डोक्यावर, डिझेल आपसूक उतरतं, नोझलमधून झिरपलेलं तेवढंच परत. काही इंजिनांत पंपाचा ओव्हरफ्लो टाकीत न सोडता फिल्टरलाच जोडलेला असतो, तिथेही एक मीटर बऱ्यापैकी खरा आकडा देतं. साध्या कार्बोरेटरच्या पेट्रोल इंजिनात बहुधा परतीची नळीच नसते. म्हणून मीटर विकणारा "आमच्याकडे सगळीकडे एकच लावतात" म्हणतो तेव्हा तोही खोटं बोलत नसेल. पण आधी नळ्या बघाव्या लागतात. बोटीत उतरून, ग्रीसमध्ये हात घालून. ते कुणी केलं नव्हतं.

मी मालकाला फोन केला. त्याचं म्हणणं, मग दुसरं मीटर परतीच्या नळीवर लावू, वजा करू. हे बरोबरच आहे आणि मोठ्या इंजिनांवर तसंच करतात. पण त्यात एक ग्यानबाची मेख आहे. समजा दोन्ही मीटरं दोन-दोन टक्के चुकतात. ऐकायला किरकोळ. २० वर ०.४ लिटर, १४ वर ०.२८. एक वर चुकलं आणि दुसरं खाली, तर फरक पावणेसात दशांश लिटरचा, आणि तो येऊन पडणार सहा लिटरवर. म्हणजे अकरा टक्के. शिवाय परत येणारं डिझेल गरम असतं. तीस अंशांनी तापलं तर अडीच टक्क्यांच्या आसपास फुगतं. परतीचं मीटर ते फुगलेलं डिझेल मोजणार, वजाबाकी जास्तीची होणार आणि जळालेलं कमी दिसणार. तेव्हा बोटवाल्याने थेंबभरही चोरलं नाही तरी मीटर त्याला चोर ठरवेल!

त्यापेक्षा मी दुसरं सुचवलं. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतात. त्यातला फ्लोट पाणी उतरलं की उघडतो, भरलं की बंद. तसाच फ्लोट लावलेली दहा लिटरची पत्र्याची छोटी टाकी मुख्य टाकी आणि इंजिन यांच्या मधे बसवायची. परतीची नळी त्या छोट्या टाकीत सोडायची. मीटर एकच, मुख्य टाकी आणि छोटी टाकी यांच्यामध्ये. मग मीटरमधून फक्त जळालेल्याची भरपाई जाते. मुख्य टाकी उंचावर होती म्हणून हे जमलं, सगळ्या बोटींत जमेलच असं नाही. छोट्या टाकीत डिझेल तापत राहतं, म्हणून ती इंजिनापासून लांब ठेवली आणि हवेची नळी बोटीबाहेर काढली. पहिलं मीटर चक्रीचं होतं. फ्लोटमधून बारीक धार आली की चक्री फिरायचीच नाही. दातऱ्यांचं घेतलं तेव्हा थेंब न् थेंब मोजला जाऊ लागला.

आणखी एक, कारण हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. फीड पंपाला खेटून मीटर लावू नये. पंप झटक्याझटक्याने ओढतो, चक्री मागेपुढे हलते आणि प्रत्येक हेलकावा मोजला जातो. शिवाय त्या बाजूला पंप डिझेल शोषून घेतो, तिथे सांधा जरा ढिला राहिला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. माझाच एक वायसर जुना राहिला होता. काठापासून दीड किलोमीटरवर इंजिनाने हवा धरली, वारा पश्चिमेचा, आणि मी व बोटवाला दोघं वाकून हातपंपाने एअर काढत बसलो. त्या सांध्याला टेफलॉन टेप मात्र लावू नका, तिचे धागे सुटून डिझेलच्या वाटेत अडकतात. तांब्याचा नवा वायसर दहा-पाच रुपयांना मिळतो.

आता मीटर नीट चालतं, तर त्याचा खरा फायदा बोटवाल्यानेच शोधला. इंजिनाच्या मिनिटाला २२०० फेऱ्यांवर तासाला ७.४ लिटर, १८०० वर ४.१. पाण्यात वेग थोडा वाढवला की ताकद कितीतरी जास्त लागते, हे पुस्तकात असेल, त्याला आकड्यावर दिसलं. वेळ थोडा जास्त लागतो तो धरूनही खेपेमागे जवळपास तिसरा हिस्सा डिझेल वाचतं. रिकाम्या परतीच्या खेपा तो आता १८०० वरच मारतो. मालकाने विचारलं नव्हतं, याने आपणहून सुरू केलं.

आपल्या भागात धरणांवर, बंधाऱ्यांवर इंजिनाच्या बोटी वाढत आहेत. जे मालक मीटर बसवून घेणार आहेत, त्यांनी कोटेशनवर एक ओळ लिहून घ्यावी: परतीचं डिझेल कसं धरलं आहे. आणि पहिले आठ दिवस तरी टाकीच्या गळ्यावर खूण करून, बोट त्याच घाटाला, त्याच बोज्यावर बांधून, भरलेल्या डिझेलशी मीटर पडताळून पाहावं. बोट कलली की टाकीतली पातळीही कलते, म्हणून जागा बदलू नये.

गेल्या महिन्यात उचललेलं डिझेल १८८ लिटर, मीटरवर १९१. हिशोबनिसाने सही केली. बारा दिवसांच्या पगाराचं विचारलं तर म्हणाला, मागचं मागे, त्या महिन्याची वही बंद झाली. म्हणून हे पत्र.

आपला,
एक डिझेल पंप मिस्त्री, पैठण