मालखान्यातले अकरा दिवस

प्रिय सुध्या,

सहा महिन्यांत ना पत्र, ना फोन. रागावला असशील तर तो राग रास्त आहे. गुडघा बरा आहे. तू पुढच्या महिन्यात नव्या पीएसआयच्या तुकडीला शिकवणार हे नानाकडून कळलं आणि राहवेना.

आपलं जुनं भांडण तेच. तुझं म्हणणं, डीएनए जुळला की विषय संपला. दिल्लीच्या छावला खटल्याचा, त्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाचा, निकाल पुन्हा काढून वाच. मुद्देमाल जप्त झाला २०१२ च्या १४ आणि १६ फेब्रुवारीला, प्रयोगशाळेकडे गेला २७ ला. शेवटच्या जप्तीनंतरही अकरा दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीत. फाशीची शिक्षा झालेले तिघे ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयातून सुटले, त्याच्या कारणांत हे एक. शिवाय डीएनएचा अहवाल कशाच्या आधारावर निघाला, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. त्या मुलीच्या आईबापांना काय सांगायचं रे?

म्हणून पोरांना आधी कपडा वाळवायला शिकव. रक्ताने ओला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की दमट होतो, बुरशी धरते, जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. सावलीत वाळवायचा, मग कागदी पाकीट. मयताचे आणि आरोपीचे कपडे एकाच टेबलावर, त्याच हातमोज्यांनी हाताळले तर रक्त तिथेच इकडचं तिकडे जातं. मग प्रयोगशाळा ‘जुळतं’ म्हणेल ते खरंच असेल, आणि माणूस मात्र भलताच अडकेल. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या टोपणाच्या नळीत, थंड ठेवून. डीएनएसाठीचा अवयवाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नको, त्यात डीएनए खराब होतो, हे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावं लागतं.

मग सील. लाखेवरच्या ठशाचा नमुना पाठवणीच्या पत्रावर हवाच, प्रयोगशाळा त्याच्याशीच ताडून बघते. पण ते सील तपासी अंमलदाराच्या खिशातच राहिलं, तर पाकीट मधे उघडून पुन्हा लाख लावली नाही हे कोण शपथेवर सांगणार? मालखान्याच्या रजिस्टरची नोंद, पाकीट नेणारा शिपाई, प्रयोगशाळेची पोच, यातली एक कडी गळली की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि ठेवायलाच हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ जुलै २०२५ च्या कट्टवेल्लै निकालाने आता डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायला आणि ताब्याच्या साखळीचं रजिस्टर ठेवायला सांगितलंय. तो परिच्छेद तुकडीकडून मोठ्याने वाचून घे. देशमुखबाई आपल्याकडून पाढे घ्यायच्या तसा!

आणि वाय-एसटीआर, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची डीएनए चाचणी. हे नीट सांग, कारण इथे कोर्टही फसतं. तो जुळला म्हणजे तोच माणूस असं नव्हे. त्याचा बाप, सख्खा भाऊ, चुलता, सगळ्यांचा सहसा तोच असतो. त्या घरातल्या बाकी पुरुषांचं काय, हे तपासात यायला हवं. सी.ए. रिपोर्टात (प्रयोगशाळेच्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) नुसतं ‘जुळतो’ लिहिलं असेल तर अ‍ॅलीलचा तक्ता, म्हणजे डीएनएच्या प्रत्येक तपासलेल्या जागी काय आकडे आले ते, मागवायचा, असा योगायोग किती लोकांत एकदा घडेल तो आकडा मागायचा. तज्ज्ञ न येताही रिपोर्ट पुराव्यात वाचला जातो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९), पण कोर्ट त्याला बोलावू शकतं. तसा अर्ज द्यायला कुणी बसतच नाही, याचीच मला रात्री काळजी वाटते.

छकुलीचं अ‍ॅडमिशन झालं का? वहिनींची बदली रद्द झाली म्हणे, बरं झालं. तुझ्या तासाचं टिपण आधी मला पाठव. वाय-एसटीआरचं पान नसेल तर मी लिहून देतो.

तुझा,
बाळ्या