आल्पुखाराची धाब्याची घरे

संपादक महोदय,

दक्षिण स्पेनच्या ग्रानादा किनाऱ्यावर आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा मागच्या डोंगरातली गावे शुभ्र भिंतींच्या वर्णनात उरकली जातात. सिएरा नेवादा पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावरील आल्पुखारा भागातली पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही गावे मात्र ओळखावीत ती छतांवरून. अंदालुसिया प्रांतात इतरत्र बहुधा उतरती कौले. इथे सपाट धाबे.

दगडमातीच्या जाड भिंतींवर चेस्टनटच्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा पाटीच्या दगडाच्या लाद्या आणि सर्वांत वर 'लाऊना', म्हणजे झिजलेल्या शिस्ट खडकाची निळसर करडी माती. ती कोरडीच पसरून दाबतात. पाऊस लागला की फुगते आणि स्वतःच फटी बुजवते. उरलेले पाणी हलक्या उतारावरून पन्हळीकडे जाते. बाहेर आलेल्या दगडी वळचणीमुळे भिंत भिजत नाही. मातीचे ओझे प्रचंड आणि तुळईची लांबी मर्यादित, म्हणून खोल्या अरुंद.

अशा छताला देखभाल लागते. उगवलेले गवत उपटायचे, गळेल तिथे नवी लाऊना टाकायची. हा त्रास चुकवायला वरून सिमेंटचा थर दिला की खरे नुकसान सुरू होते. लाकूड ओझ्याने आणि हवामानाने हलते, सिमेंट हलत नाही, तडकते. आत शिरलेले पाणी वाळत नाही आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके आधी कुजतात. गळती नेमकी कुठे, तेही कळत नाही. चुन्याऐवजी प्लास्टिक रंग लावल्यावर भिंतींचे हेच होते: ओल कोंडते, पोपडे सुटतात.

ही बांधणी मोरिस्कोंची, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांची आणि त्यांच्या वंशजांची. अरबी भाषा आणि पोशाखावर १५६७ साली बंदी आली, पुढच्या वर्षअखेरीस त्यांनी बंड केले. ते चिरडून त्यांना ग्रानादातून हद्दपार करण्यात आले. उत्तरेच्या गालिसिया, लेओनकडून आणलेल्या वसाहतकऱ्यांनीही छते तशीच ठेवली. पाटही ठेवले: बर्फाचे पाणी उंचावर जमिनीत जिरवायचे, ते खालच्या झऱ्यांना उन्हाळ्यात फुटते. माझ्या मते या गावांचा सर्वांत मोठा वारसा हाच, पण पर्यटनाच्या लेखांत त्याला ओळही मिळत नाही.

छते बघायची तर गल्ल्यांतून दिसणार नाहीत. कापिलेइराहून बुबिओनकडे पायवाटेने उतरावे; खालची धाबी, धुराडी आणि सिमेंटची ठिगळे वेगवेगळी ओळखता येतात.

– एक वाचक