आधी यादीबाहेरच्यांचे बघ

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

साथीच्या काळात सरकारी अन्नसाहाय्य कसे चालवावे, याचा आराखडा तुझ्याकडे आल्याचे पत्रातून कळले. तू मसुदा पाठवून मत मागितले आहेस, म्हणून सविस्तर लिहितो.

साठा आणि वाहतूक यांचा भाग चोख आहे. त्यावर काही बोलत नाही. घोडे अडते ते पात्रता तपासण्यापाशी. एरवी गैरप्रकार होऊ नयेत म्हणून आपण माणसाला समोर बोलावतो, मुलाखत घेतो, अंगठा लावून घेतो. साथीत नेमके हेच जिवावर बेतते. करोनाच्या पहिल्या महिन्यांत मी वाटपाच्या टेबलावर होतो, हे तुला ठाऊकच आहे. एक वृद्ध बाई यंत्रावर अंगठा ठेवी, यंत्र तो नाकारी; ती जंतुनाशकाने बोट पुशी आणि ओल्या बोटाला यंत्र पुन्हा नकार देई. पाचव्या खेपेपर्यंत मागची रांग आखलेली वर्तुळे सोडून तिच्या पाठीशी येऊन भिडली होती. अशा वेळी नियम कोणी, कोणत्या आदेशाने शिथिल करायचा, हे आम्हाला कोणालाच सांगता येईना. म्हणून ती सवलत आधीच लिहून ठेव. अमेरिकेत मार्च २०२० च्या कायद्यानंतर गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या पोषण योजनेतील प्रत्यक्ष हजेरीची अट शिथिल झाली, ती अशीच.

मात्र घाईत केलेली मदतही कशी चुकते, ते पाहा. त्याच कायद्याने तिथल्या ‘स्नॅप’ या गरिबांना अन्नखरेदीसाठी मदत देणाऱ्या योजनेतील कुटुंबांना कमाल मर्यादेपर्यंत जादा रक्कम देऊ केली. पण सर्वांत गरीब कुटुंबे आधीच त्या मर्यादेवर असल्याने त्यांच्या हाती काहीच पडले नाही. किमान ९५ डॉलर जादा देण्याची दुरुस्ती व्हायला एप्रिल २०२१ उजाडला. भारतात एप्रिल २०२० पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांना माणशी पाच किलो जादा धान्य मोफत मिळू लागले, पण त्या यादीची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर बेतलेली होती. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठीची तरतूद मे महिन्यात जाहीर झाली. तोवर कित्येक जण पायी निघून गेले होते. तुझ्या मसुद्यात यादीबाहेरच्यांसाठी एकच ओळ आहे, आणि तीही ‘आवश्यकतेनुसार’ या शब्दावर संपते. मला विचारशील तर आपल्या कचेऱ्यांतला हा सर्वांत सोयीचा शब्द आहे.

विलगीकरणातील घरांचे प्रकरण तू आरोग्य खात्यावर सोपवले आहेस, ते मला पटत नाही. २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये इबोलामुळे विलग केलेल्या घरांना जागतिक अन्न कार्यक्रमाने अन्न पोचवले, कारण चूल पेटली नाही तर माणूस दाराबाहेर पडणारच. त्या शिध्याचा हिशेब तुझ्याच खात्याकडे ठेव.

राहिला शेवट. जादा मदत बंद करण्याची तारीख साथ संपल्याच्या घोषणेला बांधू नकोस. रोग ओसरला म्हणून गेलेली नोकरी दुसऱ्या दिवशी परत येत नाही. किती दिवस आधी आणि कोणत्या भाषेत कळवायचे, हेही त्यात घाल.

तिसऱ्या प्रकरणावर पेन्सिलीने खुणा करून मसुदा सोबत परत पाठवत आहे. माझे अक्षर लागले नाही, तर रात्री फोन कर.

तुझा,
मोहन