आमच्या नाल्यावरून प्रभागाची रेघ ओढू नका

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची पुढची प्रभागरचना.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सांगलीतल्या एका गुंठेवारी वसाहतीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकून उभ्या राहिलेल्या वस्तीत, माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी घातली २००९ मध्ये. तेव्हा गल्लीत चौदा घरं होती, बाकी सगळी बाभळ आणि रिकामे प्लॉट. फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेच्या बाई आल्या. त्यांना मीच गिरणीत स्टुलावर बसवून चहा दिला होता. आमची गल्ली त्यांनी एका सकाळीत मोजून संपवली. आज त्याच गल्लीतून साठाच्या वर घरांचे डबे माझ्याकडे दळणाला येतात. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू यात धरलेले नाहीत, ते बहुतेक तयार पीठच आणतात.

१५ जानेवारी २०२६ ला आम्ही महापालिकेसाठी मतदान केलं. आधीच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्येच संपली होती. त्यानंतर जवळपास अडीच वर्षं प्रशासक होते. त्यामुळे निवडणूक झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती ज्या हद्दींवर झाली, त्या हद्दी त्या चौदा घरांच्या काळातल्या माणसांवर बेतलेल्या होत्या.

दळणाचा हिशेब ठेवणारी बाई आहे, म्हणून हाही करून पाहिला. २०११ ची आपल्या महापालिकेची लोकसंख्या ५,०२,७९३. कायद्याप्रमाणे ३ लाखांना ६५ नगरसेवक, आणि त्यापुढे दर १५ हजारांमागे एक. म्हणून आपल्याकडे ७८. भागाकार केला की ६,४४६ माणसांमागे एक नगरसेवक येतो. चार जणांचा प्रभाग म्हणजे २५,७८४ माणसं, आणि त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं. साधारण या मापाने २० प्रभाग पाडले, की कागदावर सगळे सारखे दिसतात.

माझं माहेर गावभागातलं, म्हणजे जुन्या सांगलीतलं. आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं होती. पोरं शिकली, पुण्याला गेली, आता एक बिऱ्हाड उरलंय आणि वरच्या खोल्यांना कुलपं आहेत. प्रभागाच्या मोजणीत मात्र ती पाचही बिऱ्हाडं अजून तिथंच आहेत. माझ्या गल्लीतली नवी पन्नास घरं मोजणीत नाहीतच. मतदारयादीत त्यांची नावं आहेत, घरपट्टीची बिलं त्यांना येतात. फक्त नगरसेवक किती आणि प्रभाग केवढा, हे ठरवताना ती माणसं गळतात. माझ्या माहेरच्या माणसांना कमी मिळावं असं मी म्हणणार नाही. पण एकाच शहरात एका मताचं वजन दुसऱ्याहून इतकं वेगळं नसावं.

शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचाच आकडा धरायचा, हे राज्यघटनेत आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, हेही आम्ही जाणतो. यात तुमच्या खात्याचा दोष मी काढत नाही. मात्र मधल्या काळात आकडा सोडून बाकी सगळं बदलत राहिलं. एक सदस्याचा प्रभाग, मग तीनचा, मग पुन्हा चारचा. २०२१ मध्ये नगरसेवक वाढवायचा निर्णय झाला, ऑगस्ट २०२२ मध्ये तो मागे घेतला.

एक गोष्ट तर मला आजही पटत नाही. गुंठेवारीची घरं नियमित करायला आधी १ जानेवारी २००१ ही मुदत होती. २०२१ मध्ये शासनाने कायदा बदलून ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. चांगलं केलं, आमच्यासारख्या हजारोंच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली. पण साहेब, घरं २०२० पर्यंतची मान्य करायची आणि त्यातली माणसं २०११ ची धरायची, याची सांगड कशी घालायची?

आता नाल्याचं सांगते. हे पत्र लिहायला बसले ते खरं त्याच्यासाठी.

आमच्या वसाहतीच्या मागून नाला जातो. वसाहत वाढली तसा तो आवळत गेला, आणि आता गल्लीच्या टोकाला दोन सिमेंटच्या पाइपांच्या मोरीखालून कसाबसा निघतो. प्रभागाची हद्द याच नाल्यावरून जाते. हद्द पाडताना नदी, नाले, मोठे रस्ते, रेल्वेमार्ग धरावेत असा नियम आहे. नकाशावर ती निळी रेघ आयती मिळते, सुबक दिसते. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा हाच नाला उलटा फिरला. नदीचं पाणी नाल्यातून मागे आलं आणि दोन्ही काठांवर एकाच रात्री, एकाच उंचीने चढलं. मी गिरणीची मोटर खोलून माळ्यावर चढवत होते. पलीकडच्या काठावरच्या मावशी बॅटरी दाखवत ओरडत होत्या, "वहिनी, तुमच्याकडं कुठवर आलंय?" मी म्हटलं, "उंबऱ्याला लागलं." त्या म्हणाल्या, "आमच्याकडं बी उंबऱ्यालाच." त्यांचा प्रभाग वेगळा, माझा वेगळा.

महापूर कधीतरी येतो. पण मोरी दर जूनमध्ये तुंबते. गाळ काढायचा तर अर्धी मोरी यांच्या हद्दीत, अर्धी त्यांच्या. आमच्याकडचे चार नगरसेवक म्हणायचे, पलीकडून उपसा झाल्याशिवाय उपयोग नाही. पलीकडचे चार म्हणायचे, तुंबतंय तुमच्या बाजूला. दोघांचंही खरं होतं. आठ लोकप्रतिनिधी, आणि पोरं बूट हातात घेऊन शाळेला जाणार. एका वर्षी गल्लीने वर्गणी काढून जेसीबी आणला. त्याने आमच्या बाजूचा गाळ काढला आणि दुसऱ्याच पावसात पलीकडचा गाळ वाहून आत आला.

हद्दीवर हरकत द्यायला मी सुनावणीला गेले होते. मला नीट ऐकून घेतलं, उद्धटपणे कोणी बोललं नाही. प्रगणक गट, म्हणजे जनगणनेला एकत्र मोजलेला घरांचा गट, फोडता येत नाही आणि नाला ही नैसर्गिक हद्द आहे, एवढं उत्तर मिळालं. पण वस्त्या शक्यतो फोडू नयेत, हाही त्याच नियमांचा भाग आहे. ज्यांच्या उंबऱ्याला एकच पाणी लागतं, ती एकच वस्ती. सांगलीसारख्या पुराच्या शहरात नाला हद्दीवर नको, प्रभागाच्या पोटात हवा. दोन्ही काठ एकाच नगरसेवकांच्या गळ्यात पडले, तर मोरी कोणाची हा प्रश्नच उरत नाही.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आमच्या महापालिकेची पुढची निवडणूक त्यानंतर बऱ्याच अवधीने, २०३१ च्या सुमाराला येईल. म्हणजे यावेळी वेळ नाही असं म्हणायला जागा नाही. आकडे प्रसिद्ध झाले की लगेच रचनेचं काम सुरू करा. प्रगणक गटांचे नकाशे आणि प्रत्येक गटाची लोकसंख्या आधी लोकांसमोर ठेवा. प्रारूप आल्यावर मोजक्या दिवसांत हरकती लिहिताना आमच्यासारख्यांची दमछाक होते, कारण गट कुठून कुठे जातो हेच माहीत नसतं. शिवाय क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, ती आमच्या भागात भरलेली मी एकदाही पाहिली नाही. चार जणांच्या प्रभागात ती कोणी बोलवायची, हे एकदा नेमून द्या. तिथं ही हद्द पंधरा मिनिटांत समजावून सांगता येईल.

आणि नकाशा करणाऱ्यांना एकदा जुलैत आमच्याकडे पाठवा. मोरी माझ्या गिरणीपासून चाळीस पावलांवर आहे. मी गिरणी बंद करून बरोबर येईन, पलीकडच्या मावशींनाही बोलावून घेईन.

आपली नम्र,
गिरणी चालवणारी एक मतदार,
सांगली