डिक्स्टरच्या बाईंना

स. न.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे उघडं पत्र, आणि तेही मराठीत. आईचा हुकूमच आहे : "तिला कळो न कळो, आभार आपल्या भाषेत मान."

जुलै संपत आला होता. इंग्लंडमधल्या ग्रेट डिक्स्टर या जुन्या वाड्याच्या नि बागेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत आईचा गुडघा बोलायला लागला. आत वाटेच्या दोन्ही अंगांना उंच गवत. "एवढा वाडा, आणि गवत कापायला माणूस मिळेना?" ही तिची पहिली दाद. ते मुद्दाम वाढू देतात, असं तुम्ही नंतर समजावलंत. तिला पटलेलं नाही.

दिवाणखान्यात तुम्ही न मागता खुर्ची दिलीत. पंधराव्या शतकातलं लाकडी छत, १९१० मध्ये नॅथॅनियल लॉइडने घेतलेली ही जागा, केंटमधलं एक मोडकळीला आलेलं घर वासा न् वासा सुटा करून इथे आणून जोडणारा वास्तुविशारद ल्युटेन्स... मी धापा टाकत भाषांतर करत होतो. दिल्लीचं राष्ट्रपती भवन त्याचंच, म्हटल्यावर आई जराशी सरसावली. पण नजर खिडकीबाहेर. ते तुम्ही ओळखलंत.

तुम्ही तिला हाताला धरून जुन्या गोठ्याच्या अंगणात नेलंत. ल्युटेन्सने आखलेली तिथली गुलाबाची बाग नॅथॅनियलच्या मुलाने, क्रिस्टोफरने, १९९३ मध्ये मोडली म्हणे. गुलाबांच्या जागी चक्क केळी! शेजारी कर्दळ. आई थबकली. वाऱ्याने फाटलेल्या पानावरून तिने हात फिरवला, तरी तुम्ही हटकलं नाहीत. उलट विचारलंत, तुमच्याकडे याचं काय करता? मग काय, सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधायच्या खुंटांपासून पानावर वाढायच्या मिठापर्यंत सगळं झालं. तुम्ही ते वहीत टिपून घेत होतात. मला अर्ध्या शब्दांना इंग्रजी सापडेना. आईला त्याची गरजही वाटत नव्हती.

या नादात बस चुकली. तुम्ही राय स्टेशनपर्यंत गाडीने सोडलंत, ते वेगळंच.

बेसनाच्या लाडवांचा डबा तुमच्या मागच्या सीटवर राहिलाय. विसरला नाही, ठेवलाय. फक्त, आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे कळवायला आईने सांगितलंय. केळीचं पिल्लू डब्यात मावेल का, हे मी विचारलेलं नाही.