कोलंबिया पूल आणि साल्तियोचा मुक्काम

सॅन अँटोनियो, टेक्सास
नोव्हेंबर, पहिला रविवार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत की मेक्सिकोला गाडीने जायचे तर कोणत्या रस्त्याने जाणार, सीमा कुठे ओलांडणार आणि मुक्काम कुठे करणार. त्यावर मी "सगळे ठरले आहे" एवढेच म्हणाले आणि विषय बदलला. सारी नोकरी कराड डेपोच्या गाड्या चालवण्यात घालवलेल्या माणसाला असे उत्तर देणे बरे नव्हते, हे फोन ठेवल्यावर मनाला लागून राहिले. म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र दादाला मेल करते, तो मोठ्या अक्षरांत छापून देईल. सोबत नकाशाही जोडला आहे.

जाण्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे माहेर सान लुईस पोतोसीला आहे आणि तिच्या भाचीचा पंधरावा वाढदिवस आहे. तिकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात आणि त्यातला एकेक खर्च जवळची माणसे मानाने उचलतात. केकचा मान आमच्याकडे आला आहे. आमच्या घरापासून सान लुईस साधारण १,००० किलोमीटर आहे.

आता जे तुमच्यापासून लपवले ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही याच गावाला गेलो होतो आणि "प्रवास छान झाला" असे मी तुम्हाला कळवले होते. तो छान झाला नव्हता. तेव्हा आम्ही नकाशावर सर्वांत सरळ दिसणारी वाट धरली, म्हणजे सीमेवरच्या लॅरेडो शहरातल्या पुलावरून पलीकडच्या नुएवो लारेदोमध्ये उतरलो. गणपतीला मुंबईचे चाकरमानी जसे कोकणात लोटतात, तसे अमेरिकेत राबणारे मेक्सिकन लोक नाताळला सामानाने खच्चून भरलेल्या गाड्या घेऊन गावी निघतात, आणि त्यांतले पुष्कळ लोक लॅरेडोवरूनच जातात, हे आम्ही ध्यानातच घेतले नाही. गाडी मेक्सिकोत नेण्याच्या परवान्याच्या रांगेत चार तास गेले. दुपारी दीडला तिथून सुटलो, तरीही ठरलेला मुक्काम गाठायचाच असा हट्ट धरला आणि वाटेतल्या साल्तियो शहराच्या पुढे अंधार पडला. तिथे लोस चोरोस नावाचा वळणावळणांचा घाट आहे; दोन-दोन ट्रेलर जोडलेले मालट्रक त्या उतारावरून येतात, त्यांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी तो भाग कुप्रसिद्ध आहे. त्या रात्री वर धुकेही होते. शेवटी एका पेट्रोलपंपाच्या दिव्याखाली गाडी लावून आम्ही तासभर गप्प बसलो. मला सारखी तुमची कुंभार्ली घाटातली मुक्कामी गाडी आठवत होती, आणि तुम्ही घरी येईपर्यंत आई दाराशी का बसून राहायची तेही त्या दिवशी कळले.

म्हणून या वेळी मी सगळा विचार उलट्या टोकापासून केला. आधी उजेड किती वेळ मिळतो ते पाहिले, मग मुक्काम ठरवला आणि त्यावरून पूल निवडला. या दिवसांत तिकडे संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत बहुतेक भागांत बंद केली. पण हिवाळ्यात आमचे आणि सान लुईसचे घड्याळ एकच असते, हिशेबात तासाची चूक होत नाही.

सीमेवर आमच्यासमोर तीन पर्याय होते. पहिला लॅरेडो शहरातला, ज्याचा अनुभव वर सांगितला. त्याला आणखी एक हरकत आहे: नुएवो लारेदो हे तामाउलिपास राज्यात येते आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्या राज्याला "प्रवास करू नका" या सर्वांत कडक वर्गात टाकले आहे. तिथले सामान्य लोक सज्जन आहेत, आम्हाला रांगेत पाणी त्यांनीच दिले. पण टोळ्यांच्या भांडणात परक्याने अनोळखी शहरात रस्ता चुकणे परवडत नाही. दुसरा पर्याय ईगल पास या सीमेवरच्या गावाचा. तिथून पलीकडे पिएद्रास नेग्रास लागते आणि ५७ क्रमांकाचा महामार्ग धरला की कोआविला राज्यातून थेट साल्तियो, तामाउलिपासचा संबंधच येत नाही. हा रस्ता तुमच्या जावयांना पसंत होता. परंतु साल्तियोपर्यंतच सुमारे १०० किलोमीटर जास्त पडतात, आणि गाडीचा परवाना सीमेवर न मिळता आत अयेंदे या गावाजवळ घ्यावा लागतो.

तिसरा पर्याय आम्ही निवडला, तो कोलंबिया पुलाचा. नावावरून दक्षिण अमेरिकेतला देश डोळ्यांपुढे येतो, पण हे सीमेवरच्या छोट्या गावाचे नाव आहे. नुएवो लेओन या राज्याच्या वाट्याला अमेरिकेच्या सीमेचा जेमतेम १५ किलोमीटरचा तुकडा आला आहे, आणि स्वतःचा एक पूल असावा म्हणून त्या राज्याने १९९१ मध्ये हा पूल उभा केला. लॅरेडो शहर लागण्याआधीच महामार्ग सोडून पश्चिमेकडे सुमारे ३५ किलोमीटर गेले की पूल येतो. हा जोडरस्ता २००० साली खासगी टोलरस्ता म्हणून बांधला होता. वाहने पुरेशी आली नाहीत, तो डबघाईला आला आणि सरकारने विकत घेतला. आता त्यावर टोल नाही. वाटेत वस्ती नाही, त्यामुळे टाकी आधीच भरून घ्यावी लागते, शिवाय हा पूल चोवीस तास उघडा नसतो. पण शिक्का, गाडीचा परवाना आणि कस्टम ही तिन्ही कामे एकाच आवारात होतात आणि नुएवो लारेदोच्या गल्ल्यांत न शिरता मॉन्टेरेच्या महामार्गाला लागता येते. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटले.

कागदपत्रांची काळजी करू नका. ग्रीन कार्ड असल्याने आम्हाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, मात्र प्रवाशाचा फॉर्म भरून पासपोर्टवर शिक्का घ्यावाच लागतो. गंमत अशी की तिथे कोणी हात करून थांबवत नाही. आपणच गाडी बाजूला घेऊन कचेरी शोधायची असते, आणि न थांबता पुढे गेलेल्यांची पुढच्या नाक्यावर पंचाईत होते. गाडीचा परवाना लष्कराची बँक देते. २००७ किंवा त्यानंतरच्या गाडीसाठी ४०० डॉलर अनामत घेतात आणि मुदतीत गाडी परत आणून परवाना रद्द केला की ती परत मिळते. आमच्या गाडीवर अजून कर्ज असल्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकेचे संमतीपत्र लागते. ते दोन आठवडे पाठपुरावा करून मिळवले आहे आणि प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या आहेत. इथला विमा मेक्सिकोत चालत नाही, म्हणून तिथला वेगळा घेतला आहे. अपघात झाला आणि विमा नसला, तर दोष कोणाचा हे ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात. शेवटी कस्टमपाशी एक दिवा असतो. हिरवा लागला तर सरळ निघायचे, लाल लागला तर सामान उघडून दाखवायचे. केक तिथेच बनवून घेणार आहोत, त्यामुळे दाखवण्यासारखे फार काही नाही.

पुढे मॉन्टेरेपर्यंत आणि तिथून साल्तियोला टोलचा रस्ताच घेणार आहोत. तिकडे बहुतेक ठिकाणी टोलच्या रस्त्याला समांतर एक फुकटचा जुना रस्ता असतो, पण त्यावर मालट्रक, गावे आणि खुणा पुसलेले गतिरोधक फार. मॉन्टेरे शहरात न जाता बाहेरच्या वळणरस्त्याने डोंगर चढायचा; साल्तियो सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. गाडी वाटेत बंद पडलीच, तर सरकारची "हिरवे देवदूत" या नावाची मदत पथके महामार्गांवर फिरतात आणि ०७८ या क्रमांकावर त्यांना बोलावता येते.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. आपल्याकडे पुढचा ट्रकवाला उजवा दिवा दाखवून "जा पुढे" म्हणतो, तसा तिकडचा ट्रकवाला डावा दाखवतो, कारण तिथे वाहने उजवीकडून चालतात. पण तोच डावा दिवा तो खरोखर डावीकडे वळणार असला तरीही लावतो. तुम्ही मला शिकवले होते की दिव्याबरोबर त्याच्या पुढच्या चाकाकडेही पाहायचे. मी तेच करते.

आता वेळापत्रक. सकाळी सहाला घरून निघालो की नऊच्या आत पुलावर पोहोचू, कागदांना दोन तास धरले तरी अकराला रस्त्याला लागू आणि चारच्या सुमारास साल्तियो येईल. तिथेच थांबावे आणि लोस चोरोसचा घाट दुसऱ्या दिवशी सकाळी धुके विरल्यावर चढावा, असे माझे मत आहे. तुमचे जावई म्हणतात की पुढे मातेउआलापर्यंत आणखी २६० किलोमीटर जावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच सान लुईस गाठता येईल. आम्हा दोघांचे यावर अजून एकमत झालेले नाही आणि तुमचा शब्द ते मोडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. नकाशावर दोन्ही गावांना तांबड्या पेनाने खूण केली आहे. शुक्रवारी आम्ही निघतो. त्याआधी नकाशा नीट पाहून फोनवर सांगा. आईला म्हणावे, साल्तियोला पोहोचताच मेसेज करीन. तेव्हा तुमच्याकडे पहाट झालेली असेल, तरी तिने जागत बसू नये.

तुमची,
धाकटी