रूळ चांगला दिसतोय तोवरच ग्राइंडिंग कर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

कर्जत-लोणावळा घाट आता तुझ्याकडे आला, म्हणून हे पत्र. ब्लॉकची, म्हणजे गाड्या थांबवून कामाला मिळणाऱ्या वेळेची, ओढाताण होणारच, पण ग्राइंडिंग, म्हणजे मशीनने रुळाचा माथा घासणं, पुढे ढकलू नकोस.

सकाळच्या तिरप्या उन्हात कर्व्हच्या बाहेरच्या रुळाचा गेज कॉर्नर, म्हणजे माथ्याची आतल्या बाजूची कड, वाकून बघ. केसासारख्या तिरक्या रेषा दिसतील, काही मिलिमीटरवर एकेक. ही चीर आधी पृष्ठभागालगत सरकते, मग खाली वळते. वळायच्या आत 0.2 मिमीच्या आसपास पोलाद काढलं की भागतं. वळल्यावर मशीनचे पासामागून पास मारले तरी मूळ आतच राहतं, आणि रुळाचं उरलेलं आयुष्य ठिणग्यांबरोबर उडून जातं.

अगदी तीव्र कर्व्हवर फ्लँज, म्हणजे चाकाची बाहेर आलेली कडा, रुळाची कड खात राहते, त्यात बारीक चिरा आपोआप झिजतात. तिथे साइड वेअर, म्हणजे बाजूची झीज, मोजत राहा. जास्त जपायचं ते मध्यम कर्व्हना. झीज कमी, म्हणून चिरांना वाढायला मोकळं रान. 1:37 च्या चढावर इंजिनाची चाकं घसरून पडलेले खोल व्हील बर्न मात्र ग्राइंडिंगने जात नाहीत. तिथे रुळाचा तुकडाच बदलावा लागतो.

चिरा पडलेल्या रुळावर नुसतं ग्रीस चोपडून समाधान मानू नकोस. झीज थांबते, चीर थांबत नाही. चाक वरून जाताना चिरेचं तोंड दाबलं जातं आणि आत अडकलेलं ग्रीस किंवा पाणी पाचरीसारखं टोकाशी जोर लावतं. म्हणून आधी ग्राइंडिंग, मग ग्रीस, आणि घाटात तर हे सगळं पावसाळ्यापूर्वी.

यूएसएफडी, म्हणजे रुळाची अल्ट्रासोनिक तपासणी, आहेच, असं कोणी म्हणेल. पण वरच्या दाट चिरांवरच लहरी परततात आणि खालचा दोष झाकला जातो. इंग्लंडमधल्या हॅटफील्डला 17 ऑक्टोबर 2000 रोजी गेज कॉर्नरच्या अशाच चिरांमुळे रुळाचे 300हून अधिक तुकडे झाले, चार माणसं गेली. दोष माहीत होता. बदलायचे रूळ जागेवर येऊन पडले होते. हे वाचलं की आजही पोटात कालवतं.

ब्लॉकआधी रुळावरचं ग्रीस पुसून घे, ग्रीस सोडणारे लुब्रिकेटर आणि गाडीचे अ‍ॅक्सल मोजणाऱ्या अ‍ॅक्सल काउंटरची उपकरणं काढून ठेव. सुकं गवत आधीच कापून भिजव. मशीन पुढे गेल्यावरही पाण्यासह माणसं मागे ठेव. ठिणगी गवतात बराच वेळ धुमसते.

रूळ निळा पडला तर थांबव. दाब जास्त किंवा वेग कमी आहे, आणि त्या जागी ठिसूळ थर तयार होतो. फॅसेटची, म्हणजे घासून उमटलेल्या प्रत्येक सपाट पट्ट्याची, रुंदी गेज कॉर्नरला 4, खांद्याला 7, माथ्यावर 10 मिमीच्या आत हवी. रुळाच्या आकाराची टेम्प्लेट लावून बघ, मग चीर दाखवणारा लाल डाय आणि वर पांढरा डेव्हलपर. लाल रेषा उमटली तर ब्लॉक संपायच्या आत आणखी एक पास मागून घे.

पहिल्या कर्व्हचे फोटो पाठव.

तुझा,
शरद